अधिकचिन्ह देवडीवर अडले, त्याची हकीकत

श्रीअक्षरब्रह्मास दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, भाद्रपदमासी राज्यात जो प्रसंग गुदरला तो ऐकिला तैसा लिहिला असे.

राज्यात घोड्यावरले खलिते बंद होऊन ईमेलाचे खलिते चालू जाहले होते, आणि राजधानीस त्यांची देवडी होती, तेथे दारोगा हैबतराव पिसाळ. मनुष्य कडवा आणि इमानी. मागे चोरट्यांनी पत्त्यांत वेडीवाकडी चिन्हे घालून दप्तरात शिरकाव केला होता, म्हणोन हैबतरावांनी नवी देवडी बांधिली आणि हुकूम फर्माविला जे, पत्त्यात अ‍ॅटच्या चिन्हाअलीकडे अक्षर, अंक आणि टिंब इतकेच यावे, बाकी चिन्ह दिसताच खलिता माघारी. आणि वरल्या धरणाचा अंमल सगुणाबाई भोईटे यांजकडे होता. पुराचे खलिते इतरांत मिसळू नयेत म्हणोन त्यांचा पत्ता ‘धरण’, मग अधिकाचे चिन्ह, मग ‘पूर’ ऐसा होता, आणि त्या पत्त्यावरून खलिता आला म्हणजे देवडीवरून खालच्या पेठेतले भोंगे वाजावे ऐसी रीत होती. मग पर्जन्य ऐसा कोसळला की रस्ता तुटला, फोनचे मनोरे पडले, खलित्यांची तार तेवढी शाबूत राहिली, आणि धरण काठोकाठ भरले. बाईंनी खलिता धाडिला की, दरवाजे उघडणे प्राप्त आहे, पेठ रिकामी करावी. तो माघारी आला, ‘पत्ता अवैध’. पुन्हा धाडिला, पुन्हा माघारी. कारकून बोलिले, “बाईसाहेब, ते चिन्ह काढून धाडावे.” बाई बोलिल्या, “चिन्ह काढले तर पत्ता आपला राहत नाही, आणि परक्याच्या सांगण्यावरून भोंगा वाजत नाही. धाडीत राहा.” आणि भिंत थरथरू लागली, तरी पेठेत माणसे आहेत म्हणोन बाईंनी दरवाजांस हात लाविला नाही.

इकडे प्रधान बहिरोपंत देवडीवर आले आणि पुसते जाहले, “हैबतराव, काय गडबड?” दारोगा बोलिले, “चोरांची धाड आहे. एकच चिन्ह वारंवार येऊन आदळते.” पंत म्हणाले, “चोर एका दारी इतका वेळ थांबत नाही. शास्त्र काय सांगते?” मग हैबतरावांनी पत्त्यांचे शास्त्र उघडिले, तो त्यात लिहिले होते की अ‍ॅटच्या अलीकडे अधिक, उणे, अधोरेखा, फार काय, उद्गारचिन्हही चालते. दारोग्यांनी अडलेला पत्ता आता नीट वाचिला, तो ‘धरण’ आणि ‘पूर’ ऐसा. “खलिता खरा असेल, पंत. पण खोटा निघाला तर?” पंत बोलिले, “खोटा निघाला तर पेठ उगाच पावसात भिजेल. खरा असला तर बुडेल.” तेव्हा हैबतरावांनी आपल्या हाताने देवडी मोकळी केली आणि भोंगे वाजिले, आणि पेठेतली माणसे म्हाताऱ्यांस पाठीवर, लेकरांस काखेत, गुरांस दाव्याने घेऊन टेकडी चढली, आणि मग बाईंस उत्तर गेले, ‘पेठ रिकामी’. ते वाचताच बाईंनी दरवाजे उघडविले आणि पाणी गर्जत पेठेत शिरले, घरे नेली, दुकाने नेली, परंतु मनुष्य एकही नेला नाही.

पूर ओसरता हैबतरावांनी आपल्या पदाचा शिक्का सरकारांपुढे ठेविला. सरकार बोलिले, “शिक्का उचला. देवडी पुन्हा बांधा, पण शास्त्र वाचून बांधा.” मग दारोगा चिखल तुडवीत धरणावर गेले आणि बाईंपुढे मान खाली घालून उभे राहिले. बाई म्हणाल्या, “बसा. आधी चहा घ्या.” कपबशी पुढे केली आणि आपणही शेजारी बसल्या.

सारांश, पेठ गेली, माणसे राहिली. चोर पुढेही आले, परंतु दारोगा खलिता वाचून मग माघारी धाडू लागले. हकीकत पुरी जाहली.