दामूदादाचं ॲव्हरेज

आमच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाचा एक आंबा होता. मध्यंतरी तो गायब झाला आणि सापडला कुठे, तर शेजारच्या दामूदादाच्या ट्रकमध्ये. डिझेलच्या पाइपला चिकटपट्टीनं बांधलेला!

जाब विचारला तर म्हणाला, "चुंबकाजवळनं गेलं की डिझेलचे कण सुटे होतात, मोबाइलवर दाखवलंय. मी मागवलेलं चुंबक बारकं निघालं, म्हणून जोडीला तुझा आंबा लावला. फरक हाय!"

'फरक हाय' हे दामूदादाचं ठेवणीतलं वाक्य. पेणला रामवाडीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. माझा गणपतींचा कारखाना म्हणून तो मला 'कारखानदार' म्हणतो, आणि त्यात टिंगलच जास्त असते. त्याचा ट्रक जुना. लिटरमागे किती किलोमीटर, हाच त्याचा दिवसरात्रीचा जप. "पहिले द्यायची रे ही गाडी. कुठं गेलं ते ॲव्हरेज?" असं तो हरवलेल्या माणसाची चौकशी करावी तसं विचारायचा. त्याची बायको, आमची बेबीवहिनी, हिनं तर निकालच लावला होता. "गणपती होऊ देत, मग विकून टाका ती. परवडत नाय ना, मग कशाला छातीशी धरून बसलाव?" हे ऐकलं की दामूदादा भरल्या ताटावरून उठायचा.

चुंबकानंतर आला पत्र्याचा पंखा. हवेच्या पाइपात बसवायचा. म्हणे, हवा गोल फिरून आत जाते नि गाडीचा जोर वाढतो. त्यानं मला बॉनेटला कान लावायला लावला. "ऐक, दम कसा घेतेय!" मला रोजचीच खडखड ऐकू आली. पण नाही म्हणायची सोय होती का?

आणि गंमत बघा. गणपतीच्या ऑर्डरी घ्यायला मी त्याच्याबरोबर रोह्याला गेलो, आणि ॲव्हरेज खरंच वाढलं! निघताना टाकी काठोकाठ, परतल्यावर पुन्हा काठोकाठ. फसवाफसवी नाही. दामूदादा पंपावर नाचायचाच बाकी होता. पुढच्या खेपेला तो एकटा गेला. रस्ता तोच, गाडीत भरलेली कंपनीची पिंपं तेवढीच, आणि ॲव्हरेज परत जिथल्या तिथे.

"चुंबक थकलं," दामूदादा म्हणाला.

मला मात्र चैन पडेना. मी म्हटलं, दादा, सगळं काढ बघू. पंखा, चुंबक, माझा आंबा, सगळं. खूप कुरकुर करून त्यानं काढलं. मी शेजारी बसलो, रोह्याला जाऊन आलो. ॲव्हरेज झकास! मग सगळं पुन्हा बसवून त्याला एकट्याला पाठवलं, तर परत रड. आता काय म्हणावं? मी काय इंजिनाचा पार्ट आहे?

हे मी त्यांच्या ओटीवर बसून वहिनीला सांगितलं. दामूदादा बाजूलाच होता, पंखा-चुंबक सगळं पुन्हा काढून बसलेला. तिनं विचारलं, "भावजी, तुम्ही गाडीत बसून करता काय?"

"करणार काय? जीव मुठीत धरून बसतो. दादा हळू, दादा खड्डा, दादा ओव्हरटेक नको, मला बायकापोरं आहेत!"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटली. "तेच तं! पहिले मी बसायची डबा घेऊन. वडखळ सुटलं की हे गाडी पलवायला लागायचे, नि मी वरडायची. गुडघे गेले, ती उंच पायरी चढवेना, तवापासनं बंद झालं."

दामूदादा हसला नाही. हातातला पंखा उगाच फिरवत बसला.

"एकटा असलो की पाय दाबला जातो," तो म्हणाला. "केबिन खायला उठते गो. कधी एकदा घरी येतो असं होतं."

वहिनीचं हसू तिथंच थांबलं. 

दुसऱ्या दिवशी दुपारभर ट्रकपाशी ठोकाठोक चालली होती. मी बघायला गेलो. म्हटलं, आता कुठला नवा पार्ट? केबिनच्या दाराखाली त्यानं एक बुटकी लोखंडी पायरी बसवली होती. भंगारात निघालेल्या कुठल्याशा बसची. "स्वस्तात मिलाली. नुसते बोल्ट आवळले," एवढंच म्हणाला. वहिनी आधी "लोक काय म्हणतील" म्हणाली, मग डबा भरला, आणि त्याच्या खांद्याला धरून चढलीसुद्धा.

रोह्याहून दोघं परतली तेव्हा मी चप्पल न घालताच बाहेर धावलो. "दादा, ॲव्हरेज किती आलं?"

दामूदादानं कपाळावर हात मारला. "आयला! टाकी भरायचीच राहिली."

"कुंडलिकेच्या पुलाजवळ भाकरी खात बसलो, तितंच उशीर झाला," वहिनी सावकाश उतरत म्हणाली.

"आणि वहिनी, गाडी विकायचीय ना?"

"गप बसा भावजी! आत्ता कुठं चढायला येतंय."

दामूदादानं तिला उतरायला टेकू दिला. मग खिशातून आंबा काढून माझ्या हातावर ठेवला.

"घे तुझा. यानं काय फरक पडत नाय."