उन्हात घातलेली काच

देवेशचं लग्न एकदा मोडून पुन्हा त्याच मुलीशी जमलं, ते वर्ष दोन हजार तेवीस. त्याची बहीण अपेक्षा लग्नासाठी गोव्याच्या प्रयोगशाळेतून देवबागला आली, ती काळ्या कागदात गुंडाळलेली एक काचपट्टी घेऊनच. पट्टीत केसाहून बारीक वाटा होत्या. मधल्या वाटेने एक चिकट द्रव यायचा, दोन्ही बाजूंनी तेल त्याला चिमटायचं आणि थेंब तुटायचे. ऊन लागलं की थेंबांचे कडक मणी व्हायचे. पण थेंब लहानमोठे पडत होते. सोमवारी मार्गदर्शक सरांसमोर ते सारखे पडले नाहीत, तर तीन वर्षांचं काम बंद होणार होतं. आणि पट्टी एकच उरली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती जागेवर नव्हती.

"आजये, माझी काच खंय?"

"उन्हात घातलंय," कोकमाची सोलं पसरता पसरता तुळसाआजी म्हणाली. "आतमदी ओल धरली व्हती. आणि लग्नघरात काळो कागद कित्याक? चुलीत घातलंय तो."

अपेक्षाने पट्टी उचलून पाहिली. थेंब वाटेतच मणी होऊन बसले होते.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे तिचे वडील, गणपत, पुढे आले. "चोक झाला तां. हवा मारून बगूया."

"बाबा, नको."

"गो, चाळीस वर्सां इंजिना खोलतंय मी."

त्यांनी पट्टीच्या नळीला सायकलचा पंप लावला. मणी हलले नाहीत. नळी निसटली आणि तेलाची पिचकारी देवेशच्या कोऱ्या शर्टावर उडाली.

"आता सासरवाडीची माणसा काय म्हणतली?" देवेश रडकुंडीला आला.

"पयला लगीन मोडल्यानी तेवा तेंका कारण गावूक नाय," आजी म्हणाली. "आता गावला."

लग्न मात्र लागलं. सोमवारी अपेक्षा खरं सांगून टाकायचं ठरवून गेली. सरांनी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. प्रत्येक थेंब तुटता तुटता जागीच थिजला होता. वाटेच्या एका कडेचा टवका उडाला होता, तिथूनच थेंब लहानमोठे होत होते. वाहत्या थेंबांत ते कधी दिसलंच नव्हतं.

"थेंब असे थांबवायची कल्पना कुणाची?"

"आजीची."

"ऊन किती वेळ दिलं?"

अपेक्षाने घरी फोन लावला. "आजये, सर विचारतत, काच कितको येळ उन्हात व्हती?"

"एक टोप पेज शिजासर."

सरांनी पेन उघडलं. "तांदूळ नवे की जुने, विचार."

कड नीट ठेवून बनवलेल्या नव्या पट्टीत थेंब सारखे पडले. काम चालू राहिलं. पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला, तेव्हा आभारात आजीचं नाव होतं. तिने ते बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचलं.

"आडनाव ऱ्हवला गो," ती म्हणाली.

अपेक्षाने ते पेनाने लिहून दिलं. तुळसाआजी त्याच वर्षी, दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात, बारा तारखेला वारली.