चौतीस धर्मपित्यांचा मासा

"हर्लिंदे, पांढऱ्या माशाला हात लावू नकोस. द्यायचंच असेल तर पाणी दे." आई सांगायची. तेव्हा आमच्या मेक्सिकोतल्या पात्झक्वारोच्या सरोवरात हे मासे पुष्कळ होते आणि समित्या नव्हत्या.

यंदा एकच सापडला. त्याला नगरपरिषदेच्या काचेच्या टाकीत ठेवून मत्स्यप्रेम समितीनं जनमत घेतलं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांचं त्याच्यावर जिवापाड प्रेम निघालं. उरलेल्या दोघांचंही होतं, फक्त लिंबू पिळून.

एवढ्या प्रेमाची रीतसर व्यवस्था लावणं भाग होतं. आमच्याकडे बारसं असो की लग्न, प्रत्येक गोष्टीचा खर्च उचलायला एक धर्मपिता लागतो; केकचा वेगळा, बँडचा वेगळा. तसे माशाच्या गौरव सोहळ्यालाही नेमले. दारूकामाचे, फलकांचे, केकचेच नऊ. केकही माशाच्या आकाराचा. एकूण चौतीस भरले. 'पाणी' हा रकाना तेवढा कोरा राहिला.

"सचिवसाहेब, पाणी गढूळलंय हो. मासा वर येऊन तोंड उघडतोय," मी हळूच म्हटलं.

"ताई, आभार मानतोय तो," समितीचा सचिव फिदेन्सियो म्हणाला.

"सरोवरातनं दोन बादल्या आणून ओतू?"

"खुशाल! फक्त अर्जावर पाण्याच्या धर्मपित्याची सही आणा."

"पण तो नेमलाच नाहीये."

"मग आम्ही काय सांगतोय? लोकांना कळकळच नाही!"

आज सोहळ्याला सारं गाव लोटलं. प्रत्येकानं काचेवर ओठ टेकले. बँड सुरू झाला आणि मासा कुशीवर कलला.

"अगं बाई, लाजला!" केकच्या एका धर्ममातेनं टाळ्या पिटल्या. मग सगळ्यांनीच पिटल्या. केकचं शेपूट संपल्यावर मंडळी पांगली. टाकीत कल्ला अजून हलत होता.

तुम्हीही इथवर हळहळत वाचलंत. पण खरं सांगा, मनात एकदा तरी येऊन गेलं ना, की चवीला कसा लागत असेल? लाजू नका, सगळ्यांना येतं. मला तर ठाऊकच आहे. आई गेल्यावर एका लग्नात मी तो दोनदा वाढून घेतला होता.

म्हणून आज सकाळी चर्चमधल्या आरोग्यमातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावताना मी तिला माशासाठी रोज दोन बादल्या पाण्याचा शब्द दिला. आता टाकीशेजारच्या फुलदाण्यांमागे लपवून ठेवलेल्या बादल्या उचलल्या आणि अर्ज न करताच सरोवराच्या धक्क्याकडे निघाले.