नरसिंगअण्णांची गोटी

नरसिंगअण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी "बसा" म्हटलं, तर ते बसले नाहीत. कोटाच्या खिशातून त्यांनी काचेची एक गोटी काढली, वाकून बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवली आणि कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिले. गोटी जरा विचारात पडली, मग घरंगळत मोरीच्या दिशेनं गेली. अण्णांचा चेहरा खुलला. "सरी! बरोबर! शहाणं घर आहे, अक्का. पाणी कुठं जायचं ते घराला कळतंय," असं म्हणत त्यांनी गोटी उचलली, धोतराला पुसून खिशात टाकली आणि मगच खुर्चीवर टेकले.

आम्ही तेव्हा नुकतेच पुण्याहून बंगळूरला आलो होतो. यांना इथल्या सरकारी कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी लागली होती आणि बसवनगुडीत भाड्याचं घर मिळालं होतं. अण्णा शेजारचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं. कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे, बायको बरीच वर्षं आधी गेलेली, मूलबाळ नाही. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू आवरत नसे. मी वयानं त्यांच्या लेकीएवढी, पण त्यांच्या लेखी बाई म्हणजे अक्का. माझी मुंज न झालेली पुतणी चार दिवस राहायला आली होती, तिलाही ते अक्काच म्हणाले. मुलींची मुंज होत नाही हे मला ठाऊक आहे. ती किती लहान होती एवढंच सांगायचंय.

या गृहस्थांना जगात एकच प्रश्न पडे. पाणी कुठं जातंय? पाऊस आला की सगळी गल्ली घरात शिरे आणि अण्णा बाहेर पडत. छत्री काखेत, मिटलेली. मान खाली घालून ते रस्त्यावरच्या ओघळामागं चालू लागत, ओघळ जिथं गटारात पडे तिथं थांबत, आणि सोन्याची अंगठी गेल्यासारखा चेहरा करून परत येत. एकदा आम्ही सगळे एका घरी दुखवट्याला गेलो होतो. सगळे गप्प, खाली माना घालून बसलेले. अण्णांची मान तेवढी वर. बऱ्याच वेळानं ते गेलेल्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "धीर धर बाबा. आणि ती पन्हळ बघ, भिंतीत पाणी जातंय की." यांनी रस्ताभर माझ्याशी अबोला धरला, कारण मी पदर तोंडात कोंबून हसले होते.

त्यांच्या या वेडाचं मूळ गावी होतं. आनेकलच्या पलीकडं त्यांचं गाव, आणि गावाला एक केरे. केरे म्हणजे बांध घालून पावसाचं पाणी साठवलेला तलाव. टेकडीवर पडणारा पाऊस एका चरातून त्यात यायचा. पुढं चर बुजत गेला. कुणी त्यात नाचणी पेरली, कुणी गोठा घातला, आणि केरे कोरडा पडला. बायका डोक्यावर घागरी घेऊन शेजारच्या गावी जाऊ लागल्या. सरकारकडं अर्ज झाले, अर्जांना उत्तरं आली, पाणी आलं नाही. शेवटी अण्णांनीच गावाला गोळा केलं. तिकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो बैलांचा दिवस. तेव्हा सोमवारी माणसं मोकळी असतात. प्रत्येक घरानं सोमवारी एक माणूस द्यायचा आणि टेकडीपासून केरेपर्यंत चर पुन्हा मोकळा करायचा, असं ठरलं. अण्णा दर सोमवारी पहाटे आनेकलची बस धरत आणि संध्याकाळी लाल मातीनं माखून येत.

माघात ते शिवरात्रीच्या आधी आमच्याकडं पिशवीभर कवठं आणून देत. कवठाची गूळ घालून केलेली चटणी म्हणजे माझा जीव की प्राण, आणि परक्या मुलखात कुणी ती आठवणीनं पुरवतंय याचं मला फार अप्रूप होतं. मात्र ते स्वतः कधी ती चाखत नसत. "आंबट सोसत नाही," म्हणत. आणि माझ्याच घरी चिंचेचं सार वाटीनं प्यायचे.

एका सोमवारी यांना सुटी होती म्हणून आम्ही दोघं त्यांच्याबरोबर गावी गेलो. उन्हाळा अंगावर येत होता. चर खूप पुढं सरकला होता आणि मुनियप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशी अडला होता. मुनियप्पा फावडं रोवून उभा होता. "अण्णा, स्वल्प वळवा. गोठ्याला वळसा घाला. एवढंच मागतोय." अण्णांनी जमीन थापटून साफ केली आणि गोटी ठेवली. ती सरळ गोठ्याच्या दारात गेली. "मुनियप्पा, मला स्वल्प कळतं. पाण्याला स्वल्प कळत नाही," अण्णा म्हणाले. एवढं कानडी मला कळत होतं. त्यावर मुनियप्पानं त्यांना जे काही ऐकवलं ते समजलं नाही हे बरंच झालं. पण दुपारी त्यानं स्वतःच गोठ्याचे वासे उतरवायला घेतले. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. गोटीच्या नादी लागून गरिबाचा गोठा पाडायचा म्हणजे काय, असं मी यांना म्हटलंसुद्धा.

गोठ्याच्या पुढं अण्णांची स्वतःची जमीन लागत होती. सगळे चालत तिथं गेले, आणि जागीच थांबले. चर आखायला ताणलेल्या दोरीच्या वाटेत कवठाचं एक झाड उभं होतं. डावीकडं खडक, उजवीकडं चढ. गौरम्मा नावाची एक म्हातारी माझ्या शेजारी उभी होती. तिनं मला मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, की हे झाड अण्णांच्या बायकोनं, द्वारकाक्कानं लावलेलं. माहेराहून, सोलापूरकडून, आणलेल्या कवठाची बी. लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं, अण्णा कचेरीत, गावात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती त्या रोपाशीच बोलायची. घागरभर पाण्यासाठी मैलभर चालायची आणि त्यातलं अर्धं रोपाला घालायची. कवठाला फळ धरायला फार वर्षं लागतात. झाडाला पहिली फळं लागली तेव्हा ती नव्हती.

अण्णांना आंबट का सोसत नाही ते मला त्या उन्हात कळलं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

सगळं गाव अण्णांकडं बघत होतं. आता त्यांनी वळण घेतलं असतं तर पुढच्या प्रत्येक शेतात प्रत्येकानं वळण मागितलं असतं, आणि केरे कोरडाच राहिला असता. हे त्यांना कळत होतं, गावालाही कळत होतं. अण्णांनी गोटी काढली, पण खाली ठेवली नाही. मुठीत धरून नुसते उभे राहिले. तेव्हा मुनियप्पाच पुढं झाला. सकाळी शिव्या घालणारा तोच माणूस. "अण्णा, स्वल्प वळवूया. आम्ही खडक फोडू. कुणी काही म्हणणार नाही."

अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. गौरम्माच्या घरून पाण्याची घागर मागवली आणि ती सगळी त्या झाडाच्या बुंध्याशी ओतली, हळूहळू, आळ्यात नीट मुरेल अशी. जे तोडायचं त्याला कुणी पाणी घालतं का? पण हसलं कुणी नाही. घागर रिकामी झाल्यावर ते मुनियप्पाला म्हणाले, "पाण्याला स्वल्प कळत नाही रे. सुरू कर." आणि बांधाकडं चालू लागले. कुऱ्हाडीचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांची पाठ आमच्याकडं होती. परतीच्या बसमध्ये ते यांच्याशी कारखान्यातल्या बढत्यांविषयी बोलत होते.

त्या वर्षी पाऊस उशिरा, पण भरपूर झाला. दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी अण्णा अनवाणी धावत आमच्या दारात आले. "अक्का, कोडी पडली!" केरे काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की तिकडं कोडी पडली म्हणतात. मग गावच्या सवाष्णी तलावाला बागिन देतात. नव्या सुपात हळदकुंकू, बांगड्या, फणी, डाळी ठेवायच्या, वरून दुसरं सूप झाकायचं आणि ते पाण्यावर सोडायचं, आपल्याकडच्या वाणासारखंच. मला बोलावणं होतं.

बांधावर सारं गाव लोटलं होतं. कित्येक मुलांनी एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. ती काठाला बसून हात बुडवून बघत होती. बायकांनी आपापली बागिनं सोडली. माझंही मी सोडलं. तेवढ्यात गौरम्मानं आणखी एक सूप माझ्या हातात दिलं. "हे द्वारकाक्काचं. कुंकवासकट गेली ती. तिचं बागिन राहिलंय. तू तिच्या भाषेतली, तू सोड." सुपात बांगड्या होत्या, फणी होती, आणि गावातल्या प्रत्येक घरानं घातलेली चिमूटचिमूट डाळ होती.

अण्णा पुरुषांत लांब उभे होते. ते माझ्याजवळ आले. कोटाच्या खिशातून त्यांनी गोटी काढली, पुन्हा आत ठेवली, दुसऱ्या खिशात हात घातला. एक वाळलेलं, टणक झालेलं कवठ त्यांनी बांगड्यांच्या मधोमध ठेवलं. त्या झाडाचं शेवटचं. मी वरचं सूप झाकलं, गुडघाभर पाण्यात उतरले आणि हात सोडले.

सूप जरा डगमगलं, मग वाऱ्याबरोबर निघालं. मी वर आले तेव्हा अण्णा पाण्याकडं तोंड करून उभे होते. चष्मा हातात होता, आणि तो ते पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होते.

"अक्का," ते म्हणाले, "मला काही दिसेना. कुठं जातंय ते बघता का?"

मी पाहत राहिले. माझेही डोळे भरले होते, पण सूप दिसत होतं.

"चराच्या तोंडाकडं निघालंय, अण्णा. झाड होतं तिकडं."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि चष्मा न लावताच तिकडं बघत राहिले.