पुढच्या बुधवारी श्रीखंड

बत्तीस वर्षं मी कंपनीत लोकांना संवादकौशल्य शिकवलंय! त्यामुळे निवृत्तीनंतर मानपाड्यातल्या ज्येष्ठांच्या बुधवारच्या सहभोजनाला उपक्रमप्रमुख कोण, हा प्रश्नच नव्हता. म्हणजे, दुसरं कुणी तयारच नव्हतं.

जेवणाआधी मी खेळ ठेवला कानगोष्टीचा. मंडळी चाळीस, सरासरी वय अठ्ठ्याहत्तर, कानाची यंत्रं सहा, चालू दोन. केवढी ही दूरदृष्टी!

पहिल्या खुर्चीतल्या वासंतीताईंच्या कानात मी कुजबुजलो, "पुढच्या बुधवारी श्रीखंड आहे."

"काय?"

"श्रीखंड!"

त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि शेजारी सांगितलं, "पुढच्या बुधवारी खंड आहे."

चौथ्या खुर्चीपर्यंत खंडाचा 'बंद' झाला. शेवटच्या खुर्चीतले दगडूकाका जुने कामगार पुढारी. ते ताडकन उठले. "बुधवारपासून जेवण बंद!"

"अहो काका, खेळ आहे हा!"

"कळतात हे खेळ! आमच्या कारखान्याला टाळं लागलं ना, त्याच्या आदल्या दिवशी साहेबाने असेच फुगे फोडायला लावलेले!"

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रतनताई लाटणं घेऊन बाहेर आल्या. "बंद? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?" त्यांनी गॅस बंद केला आणि तरातरा निघून गेल्या. आत वरणभात तयार, पण भाजी कच्ची आणि शंभर पोळ्या लाटायच्या! त्यात मधुमेहवाले अकरा जण. उशीर झाला की चक्कर. मला तर तेव्हाच यायला लागली.

"आता काय करायचं?" मी विचारलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. वासंतीताईंनी पदर खोचला. "अकरा जणांना आधी वरणभात वाढा. आणि कणीक कुठाय?"

पुढचा तासभर नुसता गोंधळ! दगडूकाकांनी जन्मात पहिली पोळी लाटली, तिचा आकार थेट कल्याण तालुक्याचा. एरवी भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या आजी फोडणीवरून तावातावाने भांडत होत्या. विसरलेला मोबाइल न्यायला आलेल्या रतनताई ती पोळी बघून खाली बसून हसल्या आणि थांबल्याच. मला लसूण सोलायला बसवलं. "जमेल ना?" असंही विचारलं.

घरी हेमाने विचारलं, "कसा झाला हो तुमचा उपक्रम?"

"सहभाग शंभर टक्के!" मी म्हणालो आणि हात गुपचूप पाठीमागे नेले.

"बरं," ती म्हणाली, "आधी साबणाने धुवा. जिन्यापासून वास येतोय."