बेर्तलानकाका पूल ओलांडत नाहीत

“या पुलावर पाऊल ठेवीन तर बापाचं नाव लावणार नाही!” अशी घोषणा बेर्तलानकाकांनी पाच वर्षांपूर्वी भर उद्घाटनात केली. घोषणा दणदणीत होती. फक्त ती करताना काका उद्घाटनासाठी आणलेल्या खुर्चीवर उभे होते आणि तोंडात उद्घाटनाचंच सॉसेज होतं, त्यामुळे पहिले काही शब्द कुणाला कळले नाहीत. ते त्यांनी गिळून पुन्हा सांगितले.

काका सीमारक्षक होते. इपोय नदीच्या अलीकडच्या हंगेरीतल्या माणसाला पलीकडच्या स्लोव्हाकियात जाऊ द्यायचं नाही, हे काम त्यांनी तीस वर्षं इमानेइतबारे केलं. मग सीमा उघडली, युरोपीय संघाचा विभागीय निधी आला आणि युद्धात उडवलेल्या पुलाच्या जागी नवा पूल उभा राहिला. पलीकडच्या दवाखान्याला बसनं वळसा घालून दोन तास लागायचे. आता सारं गाव आठ मिनिटांत चालत जाई. काकांची बायको एटेल्काही गुडघ्याच्या उपचारासाठी रोज जाई. काका तिला पुलाच्या तोंडाशी सोडत आणि मागे फिरत.

त्या सकाळी तिचा फोन आला. “बेर्त्सी, एक्स-रे टेबलावरच राहिला रे! अकराला मोठे डॉक्टर बघणारेत. आज नंबर गेला तर थेट तीन महिन्यांनी.”

“पाठवतो कुणाबरोबर तरी.”

“कुणाबरोबर? गाव सगळं पुलावर. वाढदिवस ना आज त्याचा! तूच ये.”

“मी? पुलावरून?”

“नाही, उडत ये,” म्हणून तिनं फोन ठेवला.

बस निघून गेली होती. काकांनी एक्स-रे कोटात खुपसला आणि शेजाऱ्याची मासेमारीची होडी सोडली. शपथ पुलाची होती, नदीची नव्हती. अडचण एवढीच, की काकांनी तीस वर्षांत होड्या पुष्कळ पकडल्या होत्या, वल्हवली एकही नव्हती. होडी दोनदा स्वतःभोवती फिरली, प्रवाहाला लागली आणि नेमकी पुलाखालच्या वाळूत रुतली. काका उठून उभे राहिले, तशी ती कलंडली.

कंबरभर पाण्यात, एक्स-रे डोक्यावर धरून काका उभे. वर कठड्याला टेकून अख्खं गाव आणि निधीचे पाहुणे. कार्यक्रमात पुढचंच प्रात्यक्षिक अग्निशमन दलाच्या नव्या बचावनौकेचं होतं.

“वा!” एक पाहुणा म्हणाला. “आम्हाला वाटलं बुडणारा म्हणून पुतळा टाकाल. तुम्ही तर जिवंत माणूस ठेवलात!”

नगराध्यक्ष हायनलकाबाईंनी खाली वाकून पाहिलं, काकांना ओळखलं, आणि तीन निवडणुका जिंकलेल्या माणसाच्या चपळाईनं म्हणाल्या, “आम्ही कुठं कसर ठेवत नाही.”

टाळ्या पडल्या.

“काका, बुडताय ना? मग जरा ओरडा की!” कुणीतरी वरून सुचवलं.

काका ओरडले नाहीत. पाणी डोक्यापर्यंत असतं तर बरं झालं असतं, असं मात्र त्यांना वाटलं. निदान तोंड लपलं असतं.

नौकेनं त्यांना पलीकडच्या काठावर उतरवलं. नौकेवर निधीची पाटी होती. खांद्यावर घातलेल्या घोंगडीवर निळ्या कापडात निधीचे तारे होते. काकांनी घोंगडी उलटी केली. तारे त्या बाजूलाही होते.

लंगडत एटेल्का आली. तिनं एक्स-रे झटकून उन्हात धरला. “चालेल,” ती म्हणाली, आणि त्यांच्या बाह्या पिळू लागली. “आठ मिनिटांचा रस्ता रे, बेर्त्सी.”

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. पूल नव्हता तेव्हा ती दोन-दोन तास बसमध्ये दुखरा पाय लांब करून बसायची. तेव्हाही काही बोलायची नाही. काका आपल्या ओल्या बुटांकडे बघत राहिले. अकराला पाच मिनिटं असताना ती दवाखान्यात शिरली.

एवढ्यात हायनलकाबाई माईक घेऊन पोहोचल्या. “काका, आता दोन शब्द बोलाच!”

पुलावरचं सारं गाव कठड्यावरून पुढं वाकलं. गावाला पाच वर्षं या भाषणाची भूक होती. काकांनी पुलाकडं एक नजर टाकली आणि घसा साफ केला.

“घरी जाऊन कपडे बदलायचेत,” ते हळूच म्हणाले. “मग हिला न्यायला परत यायचंय. तेवढा वेळ तुम्ही सगळे जरा नदीकडं तोंड करून उभे राहाल का?”