पणजोबांचा कप आणि माझा नवा चाप

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यंत्रांच्या बाबतीत आख्ख्या लाउव्दाल गावात माझ्या बोटांना तोड नाही! हे मीच सांगतोय, कारण बाकीच्यांना अजून कळलेलं नाही. ट्रॅक्टर, बर्फ उपसायचं यंत्र, आईचं शिवणयंत्र... मी खोललं नाही असं घरात काही उरलेलं नाही. त्यातली बरीचशी मी परत जोडलीसुद्धा आहेत! तेव्हा या वसंतात मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की माझ्या रायफलीचा चाप मी स्वतः बदलणार, स्वतः जुळवणार आणि आसगौतकाकाचं नाक स्वतः कापणार.

"बटाटे घे," आई म्हणाली.

आसगौतकाका म्हणजे आमचा शेजारी. त्याचा मला राग येतो. थोडाथोडका नाही! दात घासताना येतो, गाईंना चारा घालताना येतो, आणि तो कुंपणापलीकडून प्रेमानं हात हलवतो तेव्हा तर असा येतो, की हातातल्या बादलीतलं दूध उकळावं!

कारण तो कप. माझ्या पणजोबांनी गावच्या नेमबाजी मंडळाला चांदीचा एक फिरता कप दिला होता. दरवर्षी जिंकेल त्याच्या घरी तो वर्षभर राहायचा, आणि तीनदा जिंकेल त्याचा तो कायमचा. हा नियम पणजोबांनीच घातला, कारण तीनदा आपणच जिंकणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ते एकदाही जिंकले नाहीत. बाबा एकदा जिंकला, माझ्या जन्माआधी. आणि आसगौतकाका गेली दोन वर्षं, लागोपाठ! यंदा जिंकला की संपलं. आमच्या घराण्याचा कप त्याच्या घराण्यात, जगबुडीपर्यंत!

तो कप त्यानं खिडकीत ठेवलाय. आमच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून. मागे दिवा लावून!

"कपाला तोंड असतं होय रे?" आई म्हणाली.

"ह्या कपाला आहे! आणि ते आपल्याला हसतंय!"

"दिवा बंद कर म्हणून सांग ना त्याला," बाबा म्हणाला.

"सांगितलं! तर म्हणतो, तुम्हाला नीट दिसावा म्हणूनच लावलाय!"

आणि हे तो मनापासून म्हणतो, हेच मला सहन होत नाही. माणसानं निदान खवचट तरी असावं!

माझ्या रायफलीचा जुना चाप म्हणजे गंजलेलं फाटक. ओढा, थांबा, कुरकुर ऐका, पुन्हा ओढा, मग त्याच्या मर्जीनं कधीतरी बार सुटणार. तोवर नेम शेजारच्या गावात गेलेला असतो. नवा चाप मागवला तो खास स्पर्धेचा. चकचकीत! त्याला एक इवलासा स्क्रू. इकडे फिरवला की चाप हलका, तिकडे फिरवला की जड. एवढंच! तालुक्याला बंदुकांचा कारागीर आहे, त्याच्याकडून बसवून घे, असं सगळे म्हणाले. म्हणून मी गेलो नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम सुरू झालं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, बाबाच्या कुलूपबंद कपाटात होती आणि रायफल पूर्ण रिकामी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण आईला ते अजून पटलेलं नाही. चाप बसला. स्क्रू फिरवला. चाप ताणायला बोल्ट मागे-पुढे केला. आता फक्त बोट टेकवायचं...

आईनं फ्रिजचं दार लावलं.

टक्!

"हे काय वाजलं?"

"काही नाही. जरा हलका झालाय."

पुन्हा बोल्ट ओढला. बाबा शिंकला. टक्! पुन्हा ओढला. आईनं पाव कापायला सुरी टेकवली. टक्! मग मी श्वास रोखून, हात वर करून, रायफलीपासून लांब उभा राहिलो. बाहेर कुंपणापलीकडे आसगौतकाकानं गाडीचं दार आपटलं.

टक्!

"बघा!" मी किंचाळलो. "ह्याला आमच्या घरात शिरायचीसुद्धा गरज पडत नाही!"

"ब्रागे," आई सुरी खाली ठेवून म्हणाली, "ह्या घरात आम्ही पाव खायचा का तुझं हे चापाचं मांजर झोपेतून उठेल म्हणून चोरपावलांनी हिंडायचं?"

स्क्रू तिकडे फिरवणं भाग होतं. पण किती? चाप फार हलका असू नये म्हणून स्पर्धेआधी आमच्याकडे तपासणी असते. रायफल उभी धरायची, चापाला दीड किलोचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. चापानं वजन पेललं तर पास, टक् वाजलं तर नापास. म्हणजे शहाण्या माणसानं काय करावं? दीड किलो जेमतेम पेलेल इतकाच चाप ठेवावा, केसभरही जड नाही. पण त्यासाठी दीड किलोचं वजन हवं. ते मंडळाकडे आहे. आणि मंडळाचं सामान सांभाळतो कोण? आसगौतकाका!

"जा की, मागून आण," बाबा म्हणाला. "देईल तो."

"तो देईल! हसत देईल! वर कॉफी पाजेल! मी मेलो तरी जाणार नाही!"

मी दुकानात गेलो आणि तपकिरी चीज आणलं. एक किलोची वीट आणि एक अर्ध्या किलोची. झालं की दीड किलो! दोन्ही विटा कापडी पिशवीत घातल्या, पिशवीला तारेचा आकडा केला. काम झालं की पिशवी फ्रिजमध्ये. चीज आहे शेवटी, बाहेर ठेवलं तर घाम फुटतो त्याला.

पहिल्या संध्याकाळी पिशवी चापाला लटकवली. पेलली! मी स्क्रू किंचित हलका केला. तरी पेलली! वा! दुसऱ्या दिवशी आणखी हलका केला. पेलली! रोज थोडा हलका करायचो आणि रोज चाप आनंदानं पिशवी उचलायचा. असा चाप जगात कुणी पाहिला नसेल! पिशवीसुद्धा मला रोज अधिकच हलकी वाटायला लागली होती. मला वाटलं, सरावानं दंडात ताकद येतेय.

स्पर्धेच्या सकाळी मी मैदानावर गेलो ते छाती काढून. आई वॉफलच्या टपरीवर पीठ ओतत होती. बाबा पहिल्याच तुकडीत होता आणि त्यानं जे काय मारलं म्हणता! म्हातारा पेटला होता! सगळ्यांत वर त्याचं नाव लागलं. आसगौतकाका आणि मी शेवटच्या तुकडीत, शेजारी शेजारी.

तपासणीला बोर्गहिल्डमावशी होती. आयुष्यभर अडलेल्या गाई सोडवलेली बाई. तिच्या हातात रायफलसुद्धा मुकाट उभी राहते. तिनं वजन अडकवलं, उचललं.

टक्!

"हलका आहे," मावशी म्हणाली.

"पुन्हा बघ ना."

टक्!

"तुझं वजन चुकलंय, मावशी!"

वॉफलच्या रांगेतली माणसंसुद्धा वळली.

"ह्या वजनानं मी तुझ्या बापाचा चाप तपासलाय," मावशी हळू आवाजात म्हणाली, "आणि त्याच्या बापाचा. आणि आज ते चुकलं?"

"हो, चुकलं! माझ्याकडे खरं दीड किलो आहे. गाडीतच आहे. दाखवतो सगळ्यांना!"

मी तावातावानं पिशवी आणली आणि आईच्या टपरीतल्या पिठाच्या काट्यावर आदळली. काट्याकडे कुणी बघायच्या आतच मावशीनं मोठ्या विटेचा कागद सोडला. आत वीट नव्हती! दोन्ही टोकं शाबूत, आणि मधोमध काप काढून काढून असा घसरता उतार झालेला, की एखाद्या पोरानं स्की घालून वरून उडी मारली असती! धाकट्या विटेच्या कागदात तर नुसताच कोपरा होता. आणि दोन्ही कागद असे सुबक घड्या घालून बंद केलेले, जसे आख्ख्या गावात एकच माणूस करतो.

"बाबा!"

बाबाच्या हातात वॉफल होतं. त्यानं ते पाठीमागे लपवलं.

"अरे, फ्रिजमध्ये होतं ना!"

"पिशवीत होतं! पिशवीला तारेचा आकडा होता! आकडा लावलेलं चीज माणूस खातो?"

"मला वाटलं, उंदरांपासून वाचवायला टांगायची सोय असेल. मी तर अगदी पातळ पातळ काप घेतले."

"रोज?"

"रोज म्हणजे... न्याहारीला. आणि दुपारी. तुझी आईपण घ्यायची."

"मला ह्यात ओढू नकोस!" आई पिठाचा डाव उगारून म्हणाली.

तेवढ्यात गर्दीतून आसगौतकाका पुढे आला, उतारावरून बोट फिरवलं आणि प्रेमानं म्हणाला, "हे तेच का, परवा तुमच्याकडे कॉफीला आलो तेव्हाचं? फारच छान होतं हं! मी चार काप खाल्ले."

काय सांगू! डोक्यात रक्त असं चढलं, की कानातून वाफ निघाली असती तर आईला वॉफलसाठी वीज लागली नसती. माझं वजन! माझ्या शत्रूनं! माझ्याच घरात बसून! आणि वर छान म्हणतो!

"शेवटच्या तुकडीला अजून वेळ आहे," मावशी म्हणाली. "नीट करून आण. आणि रागात स्क्रूला हात लावू नकोस."

मी रागातच स्क्रूला हात लावला. तिकडे फिरवला. "चार काप!" म्हणून आणखी फिरवला. "छान होतं!" म्हणून फिरेनासा होईपर्यंत फिरवला.

मावशीनं वजन उचललं. चापाला पत्ताच नाही! तिनं वजनावर हातानं दाब दिला. तरी नाही.

"पास," ती म्हणाली. "पण हे तू ओढणार कसं? गाय बांधायची आहे का ह्याला?"

मी फुसफुसत रायफल उचलली आणि जागेवर गेलो.

शेवटची तुकडी नेम धरून जमिनीवर आडवी झाली. डाव्या हाताला मी, उजव्या हाताला काका. समोर शेजारी शेजारी दोन कागदी टार्गेटं. हुकूम झाला आणि सगळ्यांचे बार सुरू झाले. मी चाप ओढला. काही नाही. दात खाऊन ओढला. काही नाही! दोन बोटं घातली, तेव्हा एक बार सुटला आणि गेला मातीत. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी ही स्पर्धा हरलोय. ठीक आहे. काकाचाही एक बार भरकटला होता, तो स्वतःशीच "अरेरे" म्हणताना मी ऐकलं. म्हणजे बाबा अजून वर होता! कप आमच्याच घरी येत होता!

इथं कुणीही समजूतदार माणूस रायफल ठेवून गवताचा वास घेत पडून राहिला असता. पण चाप माझं ऐकत नाही म्हणजे काय? मी बसवलेला चाप!

जोर लागावा म्हणून मी कोपर सरकवलं, पाय फाकवले, आख्खा वळलो. पुन्हा रायफलीवरच्या नेम धरायच्या बारीक भोकातून बघितलं, समोर काळा गोल बरोबर मधोमध आलेला. ओढत राहिलो. एकेक करून काकाची हसरी तोंडं आठवत ओढत राहिलो. बाबा नेहमी सांगतो, बार सुटला हे आपलं आपल्याला कळता कामा नये, तोच खरा बार. तसंच झालं! सुटला तेव्हा मीच दचकलो. आणि तो गेला तो थेट, मध्यबिंदूच्याही मध्यबिंदूत!

काकाच्या टार्गेटमध्ये.

मावशी दोन्ही कागद घेऊन आली. काकाच्या कागदावर एक भोक जास्तीचं होतं.

"हे मधलं माझं नाही," काका लगेच म्हणाला. खोटं बोलायलाही येत नाही त्याला! "माझा एक पार कडेला गेलाय. हा ब्रागेचा असणार."

"भोकावर नाव नसतं," मावशी म्हणाली. "जास्तीचं भोक निघालं, कुणाचं ते ठरवता येईना, की त्यातली चांगली धरायची. कडेचं वगळलं. मधलं तुझं." तिनं बेरीज केली, बाबाकडे बघितलं आणि चष्मा काढला. "आसगौत एका गुणानं पुढे."

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मला मिठी मारली! मला!

आमच्याकडे विजेत्याला खुर्चीवर बसवून मैदानभर मिरवतात. खुर्ची उचलायचा मान शेजाऱ्यांचा. एका बाजूला बाबा, एका बाजूला मी. वर काका, मांडीवर कप घेऊन, सगळ्यांना हात हलवत. चार काप खाल्लेला माणूस किती जड होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्धं मैदान झाल्यावर बाबा खुर्चीखालून म्हणाला, "ब्रागे, तू नुसता झोप काढली असतीस तरी कप आपला होता."

"ते खरं आहे, बाबा," मी म्हणालो. "पण बार बघितलास ना? अगदी मधोमध!"

बाबानं खुर्चीची आपली बाजू सोडली.

काका माझ्या अंगावर आला, खुर्ची काकाच्या अंगावर आली आणि पणजोबांचा कप गवतावरून घरंगळत येऊन नेमका माझ्या कुशीत थांबला. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. किती वर्षांनी आमच्या घराण्याच्या हातात आला होता!

"लागलं नाही ना रे, बाळा?" म्हणत काकानं उठून हात पुढे केला. मी त्या हातात हात दिला.

"हात नको," तो अगदी प्रेमानं म्हणाला, "कप दे."